बियाण्याचा दुधी

"आधी वेलाला पाणी, मग ताट!"

शेजारची आक्का एवढ्या जोरात ओरडली की पाखडता पाखडता माझ्या हातातलं सूप हललं. भिंतीपलीकडं तिचा धाकटा भाऊ कुदळ टाकून उभा होता. चाळिशीला आलेला बाप्या, पण बहिणीपुढं मान खाली.

"आक्का, दिवसभर विटा उचलल्यात. पाठ मोडलीय माझी."

"मोडू दे. तुझी पाठ बघून वेल तहान आवरणार आहे का?"

हा आमचा गवंडी. गाव त्याला अर्ध्या म्हणतं, आणि उगीच म्हणत नाही. माझ्या गोठ्याची भिंत त्यानं कमरेपर्यंत आणली आणि मग तोंड लपवलं. शाळेची पायरी घ्या, विहिरीचा कठडा घ्या, हात लावील ते अर्धवट. कधी वाळू संपलेली, कधी ओळंबा हरवलेला. बरं, हातात कसब नाही म्हणावं तर तेही नाही, म्हणून जास्त चीड येते. शेवटी बायको विटली. मुलीला कडेवर घेऊन बापाकडं निघाली तेव्हा ना रडली, ना भांडली. एवढंच म्हणाली, "एक तरी काम सुरू करून शेवटाला न्या. मग बोलवा."

आक्का विधवा, जिभेची तिखट आणि कामाला वाघ. काम तिनंच ठरवलं. घरामागची दगडासारखी झालेली जमीन त्याच्या हवाली केली.

"आता भाजी विकत यायची नाही. पिकवशील ते खाशील. आणि शेवटी वेलावर एक दुधी वाळवून त्याचं बी काढायचं, ते बायकोला पाठवायचं. बी लावून बी हातात आलं की काम पुरं." भावजयीलाही तिनं तसा निरोप धाडला.

पठ्ठ्यानं दोन वाफे खणले आणि तिसरा अर्धा सोडला. आक्कानं भाताबरोबर मीठ वाढलं. दुसऱ्या दिवशीही मीठच. मला राहवेना म्हणून वाटीभर कालवण घेऊन गेले, तर तिनं मलाच दारातून परतवलं. "लाड करायचेत तर आयुष्यभर तुम्हीच पोसा त्याला." फार कठोर बाई. मला तेव्हाही तसंच वाटलं, आजही वाटतं.

पण मिठानं काम केलं खरं. तिसरा वाफा झाला. उजाडायच्या आत तो पाणी घालू लागला, पानं उलटून अळ्या वेचू लागला. पहिली भेंडी त्यानं मला दाखवायला आणली तेव्हा शाळेतल्या पोरासारखा हसत होता. आणि एके सकाळी थापी घेऊन माझ्या दारात हजर.

"काकू, तुमची ती भिंत राहिलीय ना?"

मी पडायचीच बाकी होते. संध्याकाळपर्यंत भिंत छपराला टेकली.

वेलावरचा पहिला टपोरा दुधी त्यानं बियाण्याला राखला. देठाला चिंधी बांधली. उन्हं तापली, बाकीची भाजी संपत आली, वेलाची पानं करपली, पण त्या दुधीला कुणी बोट लावायचं नाही. रोज कामावरून आला की त्यावर टिचकी मारून कान लावायचा.

"अजून बी कच्चं आहे, काकू. आत खुळखुळायला लागलं की उतरवायचा."

एके दिवशी तो कामावर होता आणि दुपारी त्याचा सासरा न सांगता आला. बाजारात मापाडी असलेला माणूस, बोलणंही तोलून मापून. का आलो ते बोलला नाही, नुसता पाणी पिऊन बसला. आक्काची मात्र धांदल उडाली. मी मागच्या दारी गेले तर ती विळा घेऊन वेलाखाली उभी.

"आक्का, अहो तो बियाण्याचा आहे!"

"माहीत आहे. पण व्याही घर बघायला आलेत. मुलगी पाठवायची तर इथं पोटाला काय मिळतं, हेच बघणार ना? मीठभात वाढू त्यांना?"

"माझ्याकडची वांगी घ्या."

"मागून आणलेलं वाढायचं? त्यांच्या जावयानं पिकवलेलंच वाढीन. बी काय, पुढल्या वर्षी धरू."

आणि तिनं देठ कापला.

अर्ध्या आला तेव्हा सासरा जेवत होता. "भाजी जरा जून आहे," म्हणाला, पण ताट स्वच्छ केलं. हात धुऊन बसला आणि मग येण्याचं कारण सांगितलं. "जावईबापू, बी दाखवा. मुलीनं सामान बांधून ठेवलंय. म्हणाली, बी घेऊन या, की उद्या निघते."

अर्ध्यानं ताटाकडं बघितलं. मग आक्काकडं.

"मी कापला," आक्का पुढं आली. "तुमच्यासाठी मीच कापला हो."

"बहीण भावाला पाठीशी घालणारच," सासरा म्हणाला. "दर वेळी काहीतरी आडवं येतंच यांच्या."

मला ऐकवेना. घरी धावले, डब्यातल्या माझ्या दुधीच्या बिया मुठीत घेतल्या आणि त्याला मागच्या दारी बोलावलं. "हे घे. दाखव आणि मोकळा हो. बियांवर काय नाव लिहिलेलं असतं?"

त्यानं बिया तळहातावर घेतल्या. बघत राहिला. मग माझ्या हातात परत ठेवल्या.

"या तुमच्या आहेत, काकू."

आत जाऊन त्यानं सांगितलं, "मामा, बी नाही. काम पुरं झालं नाही." आक्काचं नावही घेतलं नाही. सासरा उठला, चपला घातल्या आणि गेला. पूर्वीचा अर्ध्या असता तर त्यानं हसत हसत माझ्या बिया पुढं केल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी बायको घरात असती. माणूस सुधारला आणि संसाराला मुकला. कुणावर चिडायचं तेच मला कळेना.

आक्का त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी तो माझ्याकडं आला. "आता द्या त्या बिया. लावायला. उसन्या."

यंदा त्याचा दुधी वेलावरच वाळला, लाकडासारखा. हलवला की खुळखुळायचा. त्यानं बिया पुडीत बांधून बायकोकडं पाठवल्या. पुडी तशीच परत आली, सोबत निरोप, "मुलगी इथल्या शाळेत रुळलीय. मलाही काम मिळालंय. आता नको."

तीच पुडी घेऊन तो माझ्या दारात आला आणि माझ्या ओंजळीत रिकामी केली.

"तुमच्या उसन्या घेतलेल्या. झालं ना काकू पुरं?"

"झालं रे बाबा," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान वळवली.

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी हाक मारली, "ए अर्ध्या, विटा आल्यात, चल!"

"आलो," म्हणाला, आणि गेला.