सासूची चाहूल

“जावयांना सांग, या फांद्यांचे झाडू वळा म्हणावं!” आईने टोपलीसाठी आणलेली वाळुंजीची जुडी दाराबाहेर फेकली.

माझा नवरा डेल्बर्ट चार पावलांवर, गाडीआड पाठ करून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तरी मी जाऊन सांगितलं. आमच्या जमातीत सासू-जावई एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. मान राखायचा तो असा, आणि निरोप पोचवता पोचवता तेवीस वर्षं माझ्या पायांचे तुकडे पडत होते.

“त्यांना सांग, ओढ्यावर यंदा एवढंच मिळालं,” तो म्हणाला.

उन्हाळ्यात आमच्या लेकीचा, शर्लीनचा सूर्योदयाचा नाच व्हायचा होता. वयात आलेली मुलगी नाचते आणि तिच्या डोक्यावर टोपलीतून मक्याचे दाणे नि गोड गोळ्या ओततात. ती टोपली आजीच्याच हातची हवी, असा तिचा हट्ट. आईची नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. घोडं अडलं दातांवर. फांदी दातात धरून तिच्या तीन चिरा काढायच्या असतात, आणि आईच्या तोंडाचं बोळकं झालेलं. मी चिरायला गेले की फांदी मध्येच तुटे.

एके सकाळी दारात चिरांची वेटोळी दिसली. लांबलचक, एकसारखी. आईने एक बोटांतून ओढून पाहिली.

“तू काढल्यास?”

“हो.”

“थापा मारू नकोस. तुझा दात जन्मात असा सरळ चालला नाही.” तिने चीर पुन्हा बोटांतून ओढली. “हे बाप्याचं काम नव्हे. लोक हसतील त्यांना.”

“मग नका करू म्हणून सांगू?”

“मी कुठे तसं म्हटलं?”

मला त्या दोघांचा हेवा वाटला.

टोपली विणून झाली. कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून तिच्या झालरीला लावायच्या नळ्या तेवढ्या व्हायच्या होत्या.

“जावयांना सांग, खणखणीत वाजू देत. मला आता दिसत नाही. ती घेऊन मी आले की आवाज ऐकून त्यांनाच बाजूला व्हावं लागणार.”

शर्लीन नाचली. पहिल्या थंडीत आई गेली.

टोपली आमच्या दाराशी टांगलेली असते. काल वारा सुटला, नळ्या वाजल्या. डेल्बर्ट घरात शिरत होता. तो थबकला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वारा आहे, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. नळ्या थांबल्यावर तो आत आला.