सावलीतली सूर्यचूल

धंतोलीच्या डॉक्टरनं पार्वतीबाईच्या डोळ्याची पट्टी काढली तवा एकच बजावलं होतं. बाई, धुरापुढं बसाचं नाही. बसली तर हा डोळाही जाईन.

पन नाल्याकाठच्या बालवाडीतल्या पंधरा पोरांचा भात कोन शिजवीन? म्हनून सरकारी जीपमधून सूर्यचूल आली तवा पार्वतीबाईनं कागदावर अंगठा असा दाबला का शाई मागच्या पानावर उमटली. पेटी, वरून काच, झाकनाले आरसा, आत काळे डबे. उन्हात ठेवा, भात आपोआप शिजते. अन् नागपूरच्या एप्रिलात ऊन काही मागाले जा लागत नाही.

चूल गेली वस्तीच्या अध्यक्षाच्या, बाबारावच्या बैठकीत. काचेले हळदकुंकू, वर विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं.

"काहून गा बाबाराव, चूल बालवाडीची ना?"

"उन्हात ठेवून खराब कराची का वं? आरसा तडकला तर सरकारी साहेबाले काय दाखवाचं?"

"मंग तुह्या घरचे पापड पलंगाखाली वाळत घालतं का गा?"

ओट्यावरचे लोक हसले. बाबाराव हसला नाही. चूल तिथंच राहिली, अन् पार्वतीबाई तीन आठवडे धुरात डोळे पुसत राहिली.

मंगळवारी साहेब तपासाले येनार होते. त्याइले ऊन लागू नये म्हनून बाबारावनं मांडव टाकला, अन् चूल ठेवली बरोबर मांडवाच्या मधात. नऊले डब्यात तांदूळ-पानी टाकलं. बाराले पाहिलं तर पानी कोमटही नाही.

बाबाराव धावत आला. "पार्वतीबाई, तुह्या चुलीवर भात टाक वं लवकर. काळ्या डब्यात भरून ठेवतो. कोनाले समजते?"

"म्हंजे हिची इज्जत राखाले बी मीच धूर खाऊ?"

तिनं लाकडाले हात लावला नाही.

साहेबानं झाकन उचललं. कच्चा तांदूळ. बाबारावनं तिथंच पलटी मारली. "फालतू मशीन आहे साहेब. वापस घेऊन जा." साहेबानं ड्रायव्हरले चूल उचलाचा इशारा केला.

पार्वतीबाई मधात आडवी आली. पदर खोचला, पेटी ओढत ओढत मांडवाबाहेर काढली, नखानं काचेवरचं कुंकू खरवडलं, आरसा सूर्याकडं वळवला.

"तीन आठवडे हिले सावलीत सडवलं. आता जरा ऊन पाहू द्या. नाही शिजलं तर माह्यासकट न्या."

साहेबाले कन्हानले जाचं होतं. येतानी पाहू म्हने.

ती तिथंच बसून राहिली. चटके बसत होते, पन डोळ्यात पानी नव्हतं. अडीचले काचेवर वाफ धरली. तीन वाजता पोरं जेवून राहिली होती.

बाबाराव आला. "झाली हौस? आता घरी नेतो. साहेबाले मीच दाखवीन."

"ने ना. उचल."

त्यानं आतला डबा काढाले हात लावला अन् झटकन मागं ओढला. बोटं तोंडात.

"काहून गा," पार्वतीबाई बोलली, "फालतू मशीन आहे ना?"

पाचले जीप वापस आली. पार्वतीबाईनं साहेबाले ताटलीत भात वाढला. बाबाराव साहेबासाठी खुर्ची घेऊन मांडवाकडं चालला, तर तिनं ती त्याच्या हातातून ओढली अन् चुलीपाशी उन्हात ठेवली.