साहेबांच्या नावाचं पान

दादाभाऊ साहेबांचं नाव टाइप करायची माझ्या बोटांना आता शिसारी येते. ते डोंगरपट्टा माहिती केंद्राचे अध्यक्ष आणि मी, स्नेहल, तिथली ऑपरेटर. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या लोकांना दवाखाने, दाखले, योजना यांची माहिती घरबसल्या फोनवर मिळावी म्हणून आमची वेबसाइट आहे. निदान फलकावर तरी तसं लिहिलंय.

वेबसाइटच्या प्रत्येक पानामागे शीर्षक आणि वर्णन यांची चौकट असते. पान कशाबद्दल आहे ते तिथे लिहायचं, म्हणजे कुणी गुगलवर शोधलं की आपलं पान सापडतं. पावसाळ्याआधी मी सापाच्या इंजेक्शनचं पान केलं, कोणत्या दवाखान्यात साठा आहे त्याचं. यादी म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचा धुरकट फोटो, त्यातलं एक अक्षरही शोधात येणार नव्हतं. म्हणून चौकटीत लोकांच्या तोंडचे शब्द घातले: साप चावला, फुरसं चावलं, पान लागलं, इंजेक्शन कुठं मिळंल. डोंगरात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात.

साहेबांचा सहायक गोरख माझ्या मागे उभा राहून वाचत होता.

"हे काय गावठी लिहिलंय? साहेबांचं नाव कुठंय?"

"ही चौकट शोधणाऱ्यांसाठी असते, गोरखभाऊ. पानावर ती दिसतसुद्धा नाही."

"दिसत नाय म्हणून मान द्यायचा नाय व्हय? पत्रिकेत असत्यात तशी नावं घाल. आधी साहेब, मग उपाध्यक्ष."

त्याने सगळं पुसायला लावलं. शीर्षक झालं 'मा. दादाभाऊ साहेब यांच्या प्रेरणेतून लोकार्पण' आणि वर्णनात लग्नपत्रिकेसारखी नावांची रांग. साप कुठेच नव्हता. 'साप चावला' असं शोधून मी त्याला दाखवलं. मंत्रवाले बाबा आणि जडीबुटीचे व्हिडिओ आले, आमचं पान नाही.

"कोण बसतंय शोधत," म्हणाला आणि चहा प्यायला गेला. वेबसाइटचा पासवर्डही त्याने बदलून स्वतःकडे ठेवला.

भातकापणी संपता संपता केंद्रात वैजयंती आली. मढच्या पल्याडच्या एका वाडीवरची. भात कापताना तिच्या नवऱ्याला, सुभाषला, फुरसं चावलं होतं.

"जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन संपलं व्हतं," ती सांगायला लागली. "ओतूरकडं जीप दामटली. मी मोबाईलवर टाकत व्हते, पान लागलं, इंजेक्शन कुठं. समदे मंतरवाले बाबा. मग लई संताप आला. आमच्या फाट्यावर तुमच्या साहेबाचा फ्लेक्स हाय, एका हाकेवर हजर म्हणून. म्हनलं, फोन लावून चांगल्या शिव्या घालाव्या. नंबरासाठी त्याचं नाव टाकलं आन ही यादी निघाली. इंजेक्शन डिंगोऱ्यात. डिंगोरं तर आमी कवाच मागं टाकलं व्हतं, ताई."

जीप परत फिरली. सुभाष वाचला, पण पायाची बोटं कापावी लागली.

"यादी व्हती तर मी इचारलं तवा का नाय आली?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत गोरख साहेबांना घेऊन बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. साहेबांनी हात जोडले.

"म्हणजे ताई, आमचं नाव घेतलं आणि तुमचं कुंकू वाचलं."

हा माणूस ते मनापासून म्हणत होता.

लगेच सत्कार ठरला. सुभाषला पुढच्या खुर्चीत बसवलं. "पाय जरा फुडं घे, पट्टी दिसू दे," फोटो काढताना गोरख म्हणाला. वैजयंतीला शाल आणि नारळ दिला, हातात माईक दिला. ती सरळ बोलली.

"मी शिव्या घालायला नाव टाकलं व्हतं."

साहेबच आधी मोठ्याने हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी वाजवल्या. अशा टाळ्या मी आधी ऐकल्या नव्हत्या, पुन्हा ऐकायच्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोरखने स्वतः पासवर्ड टाकून मला सत्काराचं वेगळं पान करायला बसवलं. माझं बोलणं त्याच्या डोक्यात अखेर शिरलं होतं.

"तुझे ते गावठी शब्द हितं घाल. समदे घाल. लोकं तेच टाकत्यात ना."

"मग इंजेक्शनच्या पानालाही घालते."

"त्याला हात लावू नको. साहेबांच्या नावाचं पान हाय ते."

सत्काराच्या फोटोखाली मी दवाखान्यांची यादी जोडली. फोटोची शोभा जाते म्हणून त्याने ती काढून टाकली.

आता 'पान लागलं' असं टाकलं की बाबांच्याही वर, सगळ्यात आधी, आमचंच पान येतं. त्यात साहेब आहेत, शाल आहे, नारळ आहे, सुभाषचा पट्टी बांधलेला पाय आहे. इंजेक्शन कुठे मिळेल ते नाही.

कोण काय शोधून आलं त्याच्या नोंदी रोज माझ्या मेलवर येतात, त्यांना तो पासवर्ड लागत नाही. काल कुणीतरी 'पान लागलं इंजेक्शन कुठं' असं टाकून ते पान उघडलं. लगेच बंद केलं. मग पुन्हा उघडलं.