वरची तार

“तुझ्या सासऱ्यांना हल्ली माज चढलाय का गं?” पावाची पिशवी काउंटरवरून पुढे सरकवत ओर्नेल्ला म्हणाली होती. “काल चर्चच्या पायऱ्यांवर दोनदा हाक मारली. एर्मेस, एर्मेस! माणूस सरळ निघून गेला. लक्ष ठेव बाई त्यांच्यावर.”

नोएमीनं ते हसण्यावारी नेलं होतं. शेजारच्या ओर्नेल्लाला रोज कोणाचा ना कोणाचा राग येतच असे. आणि एर्मेसच्या डोक्यात गाडी घोळत असली की चर्चच्या पायऱ्यांवर साक्षात पोप उभा असला तरी त्यांना दिसला नसता.

त्याच गाडीत बसायला आता ती धडपडत होती. एक पाय आत, एक पाय अंगणात, आणि डोकं छताला आपटलेलं.

“आधी बूड, मग पाय,” एर्मेस म्हणाले. “ही काय बोलोन्याची बस आहे? पाठ फिरव, खाली बस, आणि दोन्ही पाय एकदम आत घे.”

नोएमी बसली. बसली कसली, खड्ड्यात पडली. पिवळी गाडी जमिनीला इतकी लगटून होती की समोरच्या तुतीच्या झाडाचा बुंधाच तेवढा दिसत होता. आत जुन्या चामड्याचा आणि पेट्रोलचा वास होता. दोनच सीट. तान्ह्या लेकीला, तेआला, ओर्नेल्लाकडे ठेवून आल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती, तरी नोएमीनं फोन उघडून पाहिला.

“जिवंत आहे ती,” एर्मेस म्हणाले.

“माहितीये मला.”

“मग तो फोन ठेव. तुला ऐकायला आणलंय.”

एर्मेस आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्याचे चाचणी-चालक होते. नवी गाडी फाटकातून बाहेर काढायची, डोंगरापर्यंत पळवायची, परत आणायची आणि मेकॅनिकना सांगायचं, हिचं कुठे दुखतंय. ही पिवळी मात्र त्यांची स्वतःची. अपघातात चेंदामेंदा होऊन भंगारात निघालेली. त्यांनी आणि त्यांच्या मित्रानं, लोरिसनं, ती एकेक तुकडा जोडत उभी केली होती. मिर्को, नोएमीचा नवरा, त्या सांगाड्याशेजारीच लहानाचा मोठा झाला. गेल्या हिवाळ्यापासून एर्मेसचं एकच पालुपद होतं: गाडीचा आवाज गेला. लोरिसनं वसंतात इंजिन पार शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडलं, काही सापडलं नाही, परत बंद केलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता. आता ते पुन्हा उघडायचं एर्मेसच्या मनात घाटत होतं.

“लोरिस म्हणतो काही झालेलं नाही. तो आळशी आहे,” फाटकातून बाहेर पडताना एर्मेस म्हणाले. “मिर्को म्हणतो हो बाबा, बिघडलीये खरी. तो माझं मन राखतो. तू मात्र सगळ्यावर शंका घेतेस. उकळलेल्या बाटलीवरसुद्धा. म्हणून तू चल.”

“हे कौतुक समजू का?”

“समज.”

शंका होतीच, पण गाडीची नव्हती. सोमवारपासून नोएमी प्रयोगशाळेत परत कामावर जाणार होती. पाळणाघरात नवीन वर्षाशिवाय जागा नव्हती. तोवर तेआ दिवसभर आजोबांकडे राहायची होती. एर्मेस बाटली धरायला शिकले होते, ढेकर काढायला शिकले होते, लंगोट बदलताना कारखान्यातल्यासारखे हातमोजे घालायचे ते सोडून द्यायलाही शिकले होते. तरीही नोएमीला झोप लागत नव्हती. कशाची भीती वाटते असं मिर्को विचारी, तेव्हा तिला बोट ठेवून दाखवता येत नसे. म्हणून ती आता गाडीचं नाही, म्हाताऱ्याचं चालवणं बघत होती. हात स्थिर होते. नजर लांबवर होती. ट्रॅक्टर दिसायच्या आधीच पाय अलगद ब्रेकवर जात होता. खोट काढायला जागाच नव्हती. फक्त डोंगराच्या रस्त्याला वळल्यावर वळणाचा दिवा बंद करायचं ते विसरले. टिक-टिक, टिक-टिक, गाव मागे पडलं तरी चालूच. शेवटी नोएमीनंच बोटानं दाखवलं.

“अरेच्चा,” म्हणत त्यांनी तो बंद केला.

द्राक्षांच्या मळ्यांपुढे रस्ता सरळ झाला. समोर कोणी नव्हतं.

“आता ऐक,” एर्मेस म्हणाले.

सुई चढू लागली. आधी पोटातून आल्यासारखी गुरगुर आली आणि सीटमधून थेट पाठीच्या कण्यात शिरली. मग ती गुरगुर घट्ट झाली, वर वर चढली. नोएमीनं दाराची मूठ आवळली. आणि अगदी टोकाला, त्या सगळ्या गदारोळाच्या वर, एक बारीक, लखलखीत सूर उमटला. इतका टोकदार, की तिच्या दाढेत कळ गेली. भीती वाटत असूनही ती हसली.

एर्मेसनी गाडी हळू केली. चेहरा उतरलेला होता.

“बघितलंस? नाहीच येत.”

“काय येत नाही?”

“वरची तार. खालचा आवाज आहे, मधला आहे. पण वर, अगदी वर, एक तार वाजायची. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं की कशी वाजते? तशी. ऐकताना दाढ शिवशिवायची. ती गेली. इंजिन आतून कुठेतरी मरतंय.”

नोएमीनं दाढेवरून जीभ फिरवली. बाहेर वेलींच्या रांगा पळत होत्या. तिला वळणाच्या दिव्याची टिक-टिक आठवली. चर्चच्या पायऱ्यांवरच्या त्या हाकाही आठवल्या.

“बोल ना. तुझं काय मत?”

“घरी जाऊन सांगते,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर द्राक्षांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकायला झालं. वरून रस गळत होता, चाकांखालून चिखल उडत होता. अंगणात पोचेपर्यंत पिवळीच्या नाकावर जांभळे ओघळ आणि त्यांवर दोन गांधीलमाश्या होत्या.

“आता आंघोळ,” एर्मेस म्हणाले, आणि त्यांची कळी जराशी खुलली.

गाडी तुतीच्या सावलीत उभी राहिली. पण पाणी लगेच नाही. त्यांनी चाकाजवळ उलटा हात नेऊन ऊब पाहिली, नोएमी तेआच्या कपाळाला लावते तसा. थोड्या वेळानं पुन्हा पाहिली.

“ब्रेकची चकती तापलेली असताना गार पाणी टाकलं, की वाकलीच ती. थांबायचं.”

तेवढ्यात ओर्नेल्ला बाबागाडी ढकलत आली. तेआ झोपली होती. “उठली तर माझ्या नावानं ओरडू नका,” असं कुजबुजून तिनं बाबागाडी भिंतीलगत सावलीत लावली आणि गेली.

चाकं आधी धुतली, वेगळ्या बादलीनं, वेगळ्या फडक्यानं. मग नळीचं पाणी वरून सोडून चिखल नुसता वाहून जाऊ दिला, हात न लावता. मग दोन बादल्या आल्या. एकीत फेस, दुसरीत साधं पाणी. लोकरीचा हातमोजा फेसात बुडवायचा, छतावरून फिरवायचा, साध्या पाण्यात पिळायचा, पुन्हा फेसात.

“एक खडा मोज्यात राहिला तरी साऱ्या दारावर ओरखडा,” एर्मेस म्हणाले. “आणि गोल गोल काय फिरवतेस? पातेलं घासतेयस का? सरळ. वारा जातो तसा.”

“वारा तुम्हाला सांगून जातो वाटतं.”

“बडबड नको, छत बघ.”

ती छत धूत होती. ते पलीकडे उकिडवे बसून दाराखालच्या पट्टीवर नळी धरून होते. पाण्याचा आवाज होता, पण त्यातूनही नोएमीला ते ऐकू आलं. रडणं नव्हे, रडण्याच्या आधीचं ते बारीक, उंच कुंईकुंई. तेआ उठली होती.

नोएमीचे पाय वळले आणि तिनंच ते थांबवले. भिंत एर्मेसच्या पाठीमागे होती, चार हातांवर. बाबागाडी तिच्यापेक्षा त्यांना जवळ होती.

कुंईकुंईचं रडणं झालं. एर्मेस पट्टीवरचा रस नखानं खरवडत होते आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते. तेआनं दम घेतला, पुन्हा सूर लावला. नोएमीच्या हातातल्या मोज्यातून फेस कोपरापर्यंत ओघळला. अजून एकदा, ती मनाशी म्हणाली. अजून एकदाच. मग मात्र तिला राहवलं नाही. गाडीला वळसा घालून ती धावली, वाटेतच मोजा टाकला आणि तिनं लेकीला उचललं.

एर्मेसनी नळी दारावर फिरवली. फेस खाली वाहिला आणि पिवळं दार आरशासारखं उघडं पडलं. त्यात त्यांना सून दिसली, तिच्या खांद्यावर तेआ, लालबुंद, तोंड मोठं वासलेलं.

ते क्षणभर दाराकडेच बघत राहिले. मग वळले. हात लांब करून त्यांनी नळ बंद केला, आणि आता मात्र त्यांना ऐकू आलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून नोएमीला कळलं.

“कधीपासून रडतेय?”

“आत्ताच उठली.”

तेआच्या गालांवर पाण्याचे ओहोळ होते, कानाजवळचे केस चिकटले होते. आत्ताच उठलेलं मूल कसं दिसतं हे एर्मेसना ठाऊक होतं. त्यांनी हात विजारीला पुसले. बराच वेळ पुसले.

“वर, मळ्यांपाशी,” ते म्हणाले. “ती तार. तुला ऐकू आली होती.”

नोएमीनं तेआचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. “आली.”

“कशी होती?”

“स्वच्छ. दाढेत कळ गेली माझ्या.”

आता म्हातारा खचेल, या भीतीनं ती एक पाऊल पुढे झाली. पण एर्मेसचा चेहरा उजळत गेला.

“म्हणजे हिला काहीच झालेलं नाही!” त्यांनी छतावर थाप मारायला हात उगारला आणि धुतलेलं आहे हे आठवून हवेतच थांबवला. “ठणठणीत आहे की! आणि मी त्या बिचाऱ्या लोरिसला अख्खं इंजिन उघडायला लावलं. त्याच्या आईचासुद्धा उद्धार केला गं मी!”

या गावाची रीतच तशी होती. आवाज बदलला की इंजिन उघडायचं. ऐकणाऱ्यात काही बिघडलं असेल, हे लोरिसच्या डोक्यात आलं नव्हतं, मिर्कोच्याही नाही.

हसता हसता एर्मेस थांबले. खाली बसून त्यांनी मोजा उचलला, पिळला, पुन्हा पिळला. पाठ तिच्याकडे होती.

“सोमवारसाठी मात्र दुसरं कोणीतरी बघ,” ते म्हणाले. “मिर्कोला मी सांगतो. तू नको सांगूस, उगाच तुझ्यावर येईल.”

कित्येक रात्री तळमळून जे तिला म्हणता आलं नव्हतं, ते त्यांनीच म्हणून टाकलं होतं. आता नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. नोएमी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. भिजलेल्या सदऱ्यातून खांद्यांची हाडं दिसत होती. चाकाजवळ उलटा हात धरून थांबलेला हा माणूस. घाई कधी करायची नाही हे ज्याच्या हाडात मुरलंय, असा दुसरा कोण मिळणार होता तिला?

ती त्यांच्या बाजूनं पुढे जाऊन दारालगत, त्यांच्या समोर उकिडवी बसली, त्यांना तिचा चेहरा दिसेल अशी.

“बाबागाडी तुमच्या पाठीमागे ठेवायची नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही. कायम समोर.”

एर्मेसनी मान वर केली.

“झोपली की खुर्ची तिच्यासमोर ओढून बसायचं. ती एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, असं नाही. गाडी धुवायची ती रविवारी, आम्ही घरात असताना. आणि ओर्नेल्लाला मी सांगणार आहे.”

“ओर्नेल्लाला? म्हणजे बिशपपर्यंत पोचेल.”

“पोचू दे. आणि कानांच्या डॉक्टरकडे जायचं.”

“लोरिसला घेऊन जाईन,” ते हळूच म्हणाले. “या वेळी इंजिनाऐवजी मलाच कोणीतरी उघडून बघतंय म्हटल्यावर त्यालाही बरं वाटेल.”

तेआनं एव्हाना रडणं आटोपलं होतं. आईच्या खांद्यावरून वाकून तिनं पाचही बोटं ओल्या पिवळ्या दारावर फटकन आपटली. एर्मेस कळवळले.

“ते मात्र पुसावं लागेल,” ते म्हणाले आणि मऊ फडकं घेऊन, न घासता, नुसतं टिपून त्यांनी ते पुसलं.

सोमवारी नोएमी कामावर गेली. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. फोन एर्मेसच्या छातीशी, खिशात असतो, थरथरला की कळतो म्हणतात. पण हातात बाटली असली की ते उचलत नाहीत, आणि बाटली बहुतेक वेळ हातात असते. ओर्नेल्ला दुकानात अडकलेली. मग नोएमी त्या रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच सांगत सुटली आहे, दूधवाल्याला, टपालवालीला, आणि आता तुम्हालाही.

डोंगराकडून उतरताना चीजच्या कारखान्यापुढच्या वळणावर एक हिरवं फाटक लागेल. तिथे जरा हळू व्हा आणि आत बघा. म्हातारा आणि बाबागाडी समोरासमोर आहेत ना, एवढंच बघा. हॉर्न वाजवू नका, उपयोग नाही. हात हलवा. त्यांनी ओठांवर बोट ठेवून तुम्हालाच गप्प केलं, तर समजा, तेआ झोपली आहे.