रंगाऱ्याच्या पोरीचं कापड

उद्धट म्हणे. रंगाऱ्याची पोर उद्धट, आणि तिच्या डोक्यात विणकामाच्या मागाचा धोटा हाणणारी देवी मात्र न्यायी. गाईडच्या स्क्रिप्टमधलं ते वाक्य वाचलं की राणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

राणी परदेशात, जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर इंजिनिअर होती. सहा महिने दर शनिवारी ती एका छोट्या संग्रहालयात गाईडचं काम शिकत होती. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, आणि त्यांत ग्रीक देवादिकांच्या कथा. या चित्रांवर तिचा जीव जडला होता. आज शेवटची परीक्षा होती. परीक्षक श्रीनिवास सर, निवृत्त बँकर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "स्क्रिप्टबाहेर एक शब्द नको. गर्वाचं घर खाली, एवढीच गोष्ट आहे ती."

पाहुण्यांच्या घोळक्यात नागपूरहून आलेली तिची आई शांताबाईही होती. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. राणीनं इंग्रजीत पाठ म्हटला: कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या उद्धट मुलीनं विणकामाच्या देवीशी विणण्याची पैज लावली, म्हणून तिला शिक्षा झाली.

शांताबाईंनी मराठीत विचारलं, "पण कापड कुणाचं चांगलं झालं?"

"मुलीचं. देवीलासुद्धा खोट काढता आली नाही."

"मग?"

"देवांनी बायकांना कसं फसवलं, ते तिनं विणलं होतं. देवीनं कापड फाडलं, तिच्या डोक्यात धोटा हाणला आणि शेवटी तिला आठ पायांचा कोळी करून जाळ्यात बसवलं."

"म्हणजे पेपर अव्वल, आणि मास्तरनं पोरीलाच बडवलं. याला उद्धटपणा म्हणतात होय?"

श्रीनिवास सरांनी घसा खाकरला. "राणी, पुढचं चित्र घ्या."

राणी हलली नाही. इंजिनिअरिंगला ती पहिली आली तेव्हा 'आता डोक्यात हवा जाऊ देऊ नका' म्हणून ऐकवणारे सगळे चेहरे तिला आठवले. दुसऱ्या नंबरवाल्याला कुणी असं बजावलं नव्हतं. तिनं पाहुण्यांना सगळी गोष्ट पुन्हा इंग्रजीत सांगितली, फाडलेल्या कापडासकट.

टूर संपल्यावर सरांनी फॉर्म काढला. "नापास करावं लागेल. मूळ कथा तशीच आहे, मला काय माहीत नाही? पण नियम म्हणजे नियम."

"मग कारण लिहा, सर," राणी म्हणाली. "'खरं सांगितलं म्हणून नापास.' खाली सही मी करते."

आणि तिनं पेनासाठी हात पुढे केला.