तागाचं पांघरूण

यंदा सुकेळ्यांना मुंगी लागली नाही, याचं ग्रेसीला फार कौतुक वाटलं. भुईगावच्या तिच्या अंगणात सोललेली केळी उन्हात वाळत घातली, की दरवर्षी माशा घोंघावत आणि मुंग्यांसाठी खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागत. यंदा एकही आली नाही. "देवाची कृपा," ती म्हणाली. माणसाने कृपा ओळखण्याची इतकी घाई करू नये.

सुकेळी लिडियासाठी होती. दोनदा पोट पडल्यावर लेकीला आता सातवा लागला होता. विरारच्या फ्लॅटमध्ये तिला अन्नाचा वास सोसेना. आईची सुकेळी तेवढी जात.

रात्री सुकेळी झाकायची ती गोणपाटानेच. प्लास्टिकखाली घाम धरतो नि बुरशी येते. तागातून वारा खेळतो, दव मात्र वरच राहतं. ग्रेसीची जुनी गोणपाटं उंदरांनी कुरतडली होती. शेजारचा कॉन्रॅड बाजारात गेला होता, पण त्याचा माळा म्हणजे आपलाच, म्हणून तिने दोन काढून आणली. वास उग्र होता. तिने ती सोड्यात तीनदा भिजवली, दगडावर आपटली. त्यांच्यावरचा तांबडा शिक्कासुद्धा निघून गेला. मग आठ रात्री ती गोणपाटं केळ्यांच्या उघड्या अंगावर पडून राहिली.

रविवारी मिस्सा आटोपून कॉन्रॅड अंगणात आला आणि कुंपणावरची गोणपाटं बघून थांबला.

"ही कुठून काढलीस, ग्रेसी?"

"तुझ्याच माळ्यावरून. सुकेळी झाकायला. चांगली तीनदा धुतली."

कॉन्रॅड खाटेच्या कडेवर बसला. "अगं, त्यात वाळवी मारायची पावडर होती. धुऊन काय होतंय? ताग प्यालं ते सोडत नाय. जाळायची म्हणून वर टाकलेली मी."

लिडियाचा डबा सोमवारीच पोचता केला होता. ग्रेसी धावत घरात गेली, नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लिडियाने फोन उचलला.

"लिडिया, सुकेळी खाऊ नको. टाकून दे, सगळी."

"टाकू काय? कालच संपली, मम्मी. अशी गोड कधी झाली नव्हती." लिडिया हसत होती. "बाळालाही आवडली वाटतं. कालपासून लाथ नाही मारली त्याने, कसं शांत झोपलंय."