ताईंनी मागे ठेवलेला फोन

मी बोलतोय. आजवर माझ्यातून इतरच बोलले, मी फक्त त्यांचा आवाज पोचवला. आता कुणी बोलत नाही, म्हणून म्हटलं, आपलंही एकदा सांगून टाकावं.

मी एक स्वस्तातला, जुना फोन. काचेला एका कोपऱ्यात तडा, आवाजाचं बटण रुतलेलं. स्वभावाने इतका संथ की मला एखादं पान उघडायला सांगावं आणि तोवर चहा करून घ्यावा.

माझी पहिली मालकीण म्हणजे ताईंची आई. नवरा गेल्यावर लेकीने मला त्यांच्या हातात दिलं. निवृत्तिवेतनाचा अर्ज तेव्हा नुकताच कार्यालयाऐवजी फोनवरून भरायचा झाला होता. आई चष्मा पुसून बसायच्या, सगळं भरायच्या आणि शेवटचं बटण दाबायच्या. माझ्या पडद्यावर चक्र गरगरत राहायचं आणि पुन्हा पहिलंच पान यायचं, कोरं करकरीत.

"माझंच काहीतरी चुकतंय गं," आई म्हणायच्या.

ताई तेव्हा एका बड्या कंपनीत होत्या. लोकांनी वस्तू झटपट विकत घ्याव्यात म्हणून फोनवरची पानं आखायच्या. आईचं ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी नोकरी सोडली आणि चार ओळखीचे गोळा करून संस्था काढली. नफ्यासाठी नाही, सरकारी खात्यांना त्यांच्या सेवा नीट करून देण्यासाठी. आईंचं निवृत्तिवेतन सुरू झालं, तसं त्यांनी मला लेकीच्या हवाली केलं. "मला आपला घरातला घंटी वाजणारा फोन पुरे," म्हणाल्या.

संस्थेत माझा दरारा होता. नियमच होता तसा: जे माझ्यावर चालत नाही, ते बाहेर जायचं नाही. मोठमोठे अधिकारी माझ्याभोवती माना वाकवून उभे राहायचे. पान उघडलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे. नाही उघडलं की ताई शांतपणे म्हणायच्या, "चला, परत बसूया."

पण मी टेबलावरून बघत होतो. बैठकीत कुणालाही काही विचारलं की तो आधी ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचा. एकदा ताईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि सगळ्यांकडे पाठ करून म्हणाल्या, "आता बोला." सगळे त्यांच्या पाठीकडेच बघत बसले. त्या आठवड्यातच त्यांनी पद सोडायचं ठरवलं.

निरोपाला भाषणं झाली, डोळे पुसले गेले. मला वाटलं, ताई मला पर्समध्ये टाकतील. त्यांनी मला नव्या संचालकांसमोर ठेवलं. "हा इथलाच आहे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

सगळे या संचालकांना 'नवीन सर' म्हणू लागले. वर्ष उलटलं तरी ते नवीनच राहिले. काहीही ठरवायला घेतलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "ताई असत्या तर..." ते ऐकून सर मान हलवायचे. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले की ते खोलीतच डबा उघडायचे. मी समोर असायचो.

अशात जन्मनोंदणीची नवी सेवा तयार झाली. तिच्यावर काम करणाऱ्या मुलीला सगळे 'घाईबाई' म्हणत. तिने ती माझ्यावर चालवून दाखवली. मी सगळी पानं उघडली. टाळ्या पडल्या. सरांनी मात्र मला खिशात घातलं आणि थेट नोंदणी कार्यालय गाठलं. तिथे एक आजी नातीच्या दाखल्यासाठी बसल्या होत्या. सरांनी शेजारी बसून मला त्यांच्यापुढे धरलं.

आजींनी मला हातसुद्धा लावला नाही. "अर्ज भरताना खात्रीसाठी तो नंबर येतो ना, तो माझ्या मुलाच्या फोनवर येतो. तो असतो परगावी. कामात असला की उचलत नाही. म्हणून मी आपली इथेच येऊन बसते."

सर परत आले आणि म्हणाले, "सेवा एवढ्यात सुरू करायची नाही."

"पण ताईंच्या फोनवर चाललं की, सर," घाईबाई म्हणाली.

"फोनवर चाललं. आजींचं अडलं."

संध्याकाळी सरांनी ताईंना फोन लावला.

"मला विचारू नका," ताईंचा आवाज आला.

"विचारत नाही, ताई. ठरवलंय, ते सांगतोय."

मग ताई म्हणाल्या, "बरं केलंत." आणि दोघांनीही फोन ठेवला.

त्यानंतर नियम बदलला. आता ती मंडळी माझ्याभोवती जमत नाहीत. कार्यालयांत जातात, लोकांशेजारी बसतात, त्यांचं कुठे अडतं ते बघतात. घाईबाईसुद्धा घाई न करता बसते म्हणे. 'ताई असत्या तर' हे वाक्य मी कित्येक दिवसांत ऐकलेलं नाही. सरांचा डबाही आता बाहेर, सगळ्यांमध्ये उघडतो. मला त्याचा आनंद आहे. खोली मात्र फार मोठी वाटते.

मध्यंतरी ताई भेटायला आल्या. सगळे भोवती गोळा झाले. मग कामं होती, एकेक जण उठून गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यांनी मला उचललं, बटण दाबलं. माझा पडदा उजळला नाही. तळहाताने माझी काच पुसून त्यांनी मला खणात ठेवलं आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं.

आता माझी बॅटरी फुगली आहे, पाठ उसवली आहे. मला काचेच्या कपाटात मांडायचं, असं कुणीतरी सुचवलंय. एवढी विनंती करतो, तसं करू नका. मांडून ठेवलं की पुन्हा माझ्याकडेच बघत बसाल. मला भंगारात द्या. माझ्यातलं तांबं कुणाच्यातरी कामी येईल. आणि ताई कुठे भेटल्या, तर त्यांना बसवून घ्या. कामाचं काही विचारू नका. नुसतं बोला.